पर्वतीचा शिकारखाना

पुणे शहराच्या दक्षिणेस पर्वतीची टेकडी आहे. नानासाहेब पेशव्यांनी तिच्या माथ्यावर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून एक तळे करविले. तळ्याच्या मध्यभागी एक बेट ठेवून त्यावर बाग फुलविली, तीच सारसबाग. पुढे १७८४ साली त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली, आणि पुणेकर त्याला तळ्यातला गणपती म्हणू लागले. आज तळे राहिलेले नाही; गणपती मात्र आहे. ज्या पेशव्यांच्या नावावर ही स्थापना मोडते, त्यांचे वय त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते. ते सवाई माधवराव होत.

याच टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याच्या आसपासच्या मोकळ्या रानात, पेशव्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना या शब्दावरून तेथे बंदुका, भाले आणि शिकारीची जाळी ठेवीत असतील, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः राजेरजवाड्यांची पाळीव व धरून आणलेली रानटी जनावरे जेथे ठेवीत, त्या खात्याचे हे नाव. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याच्या शिकारखान्याला जो लौकिक मिळाला, तो मात्र शिकारीमुळे नव्हे. जनावरे पाहावीत, त्यांच्या सवयी जाणाव्यात, त्यांना माणसाची भीती वाटू नये असे करावे, हा त्या तरुण पेशव्यांचा खरा छंद होता. ज्यांचे स्वतःचे सारे आयुष्य पहाऱ्यात गेले, त्यांनी हा छंद धरावा, ही त्यांच्या चरित्रातील लक्षात राहणारी गोष्ट आहे.

सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. तो काळ मराठी राज्याच्या कठीण परीक्षेचा होता. त्यांचे वडील नारायणराव पेशवे यांचा आदल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात शनिवारवाड्यातच खून झाला होता. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव गादीवर हक्क सांगत होते. अशा वेळी नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके इत्यादी मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन राज्याचा कारभार हाती घेतला. त्यांच्या मंडळास बारभाई म्हणत. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. शत्रूपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांना पुरंदरावर नेऊन ठेविले होते. तेथे मुलगा झाला, आणि तो चाळीस दिवसांचा होताच त्याला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. थोरल्या माधवरावांची आठवण प्रजेच्या मनात ताजी होती. त्यांच्याहून हा सवाई निघावा, म्हणजे सव्वापट थोर व्हावा, अशी सर्वांची इच्छा. म्हणून नाव सवाई माधवराव.

पाळण्यात असतानाच ज्याच्या नावाने फौजा हलू लागतात, त्याला बालपण असे कितीसे मिळणार? वडिलांचे तोंड त्यांनी पाहिलेच नव्हते. तीन वर्षांचे असताना, १७७७ साली, आईही गेली. पानिपतावर हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी त्यांना माया दिली. परंतु १७८३ साली त्याही निवर्तल्या. त्याच वर्षी पुण्यात पेशव्यांचे लग्न मोठ्या थाटाने झाले. नवरदेवाचे वय सुमारे नऊ वर्षांचे होते.

पुण्यास आल्यावर शनिवारवाडा हेच त्यांचे जग झाले. नाना फडणीस हे अत्यंत दक्ष गृहस्थ. ज्या वाड्यात बापाचा खून झाला, त्याच वाड्यात मुलाला वाढवावयाचे होते. तेव्हा नानांनी चौक्यापहारे कडक ठेविले, यात नवल नाही. बाल पेशव्यांनी केव्हा उठावे, काय शिकावे, कोणास भेटावे, बाहेर निघाल्यास बरोबर कोणी असावे, हे सारे ठरलेले असे. लिहिणे, हिशेब, पाठांतर, घोड्यावर बसणे हे शिक्षण नीट झाले. दरबारात बसण्याची रीतही अंगवळणी पडली. परंतु मनास येईल तेव्हा दिल्ली दरवाजातून बाहेर पडून मुठेच्या काठी धावत जावे, एवढे साधे स्वातंत्र्य मात्र पुण्यातील कोणत्याही गरीब मुलास असे आणि राज्याच्या धन्यास नसे. या लहानग्याच्या करमणुकीसाठी वाड्यात हजारी कारंजे बांधिले, असे सांगतात. कमळाच्या पाकळ्यांसारख्या त्याच्या कडा आजही तेथे पाहावयास मिळतात.

असा मुलगा जनावरांकडे ओढला गेला. जनावर मुजरा करीत नाही, अर्ज देत नाही, आणि आपण कोणाशी बोलत आहोत याचा हिशेब ठेवून बोलत नाही. ज्याच्याभोवती अष्टौप्रहर मुजरे आणि अर्जच आहेत, त्याला अशी सोबत गोड वाटली असली पाहिजे.

शिकारखान्यात अनेक प्रकारची जनावरे होती. त्यांतील दोन फार नावाजलेली. एक गेंडा आणि दुसरा सिंह. गेंडा हा महाराष्ट्राचा प्राणी नव्हे. हिमालयाच्या पायथ्याची दलदल, उंच गवत आणि चिखलाचे डोह ही त्याची राहण्याची ठिकाणे. दिवसाचा बराच वेळ पाण्यात किंवा चिखलात पडून राहावे, तेव्हा त्याच्या जाड पण नाजूक कातडीचा उन्हापासून आणि माश्यांपासून बचाव होतो. असे जनावर दख्खनच्या कोरड्या हवेत जगवावयाचे, तर पाणी जवळ हवे. पर्वतीच्या पायथ्याचे तळे त्या दृष्टीने सोईचेच होते. सिंहही येथला नव्हे. परंतु त्या काळी तो आजच्यासारखा केवळ गीरच्या अरण्यापुरता उरलेला नव्हता, उत्तर हिंदुस्थानच्या कित्येक भागांत तो हिंडत असे.

या जनावरांची वार्ता दूरवर गेली होती. १७९१ साली प्राइस नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी पुण्यास होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रज आणि मराठे एका बाजूस होते. त्यात धारवाडच्या वेढ्यात हा जबर जखमी झालेला. त्यानेही पर्वतीखालचा हा शिकारखाना पाहिला आणि आपल्या आठवणींत त्याची नोंद केली. त्याच्याही आधी, १७९० च्या नोव्हेंबर महिन्यात, शिकारखान्यातील गेंड्यासमोर पुण्याचा एक चित्रकार कागद घेऊन बसला होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, जातीने तांबट. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने ही चित्रे काढिली. गेंडा पाहून काढावा तसाच काढला आहे: कातडीच्या घड्या, त्यावरील गाठी, बारीक डोळा, जमिनीवर घट्ट रोवलेले आखूड पाय. शनिवारवाड्यात पुढे पेशव्यांच्या आश्रयाने चित्रकलेची शाळा निघाली, आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हाताखाली गंगारामने तेथे काम केले. वेल्सने पेशव्यांचे आणि नानांचे एकत्र चित्र रंगविले. ते लंडनमध्ये आहे. गंगारामचा गेंडा सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पोचला आहे. पेशव्यांच्या ऐश्वर्यातील कितीतरी जडजवाहीर कोठे गेले याचा पत्ता लागत नाही. एका तांबटाच्या हातचा तो गेंडा मात्र अजून उभा आहे.

परंतु गेंडा आणि सिंह बाळगणे ही केवळ संपत्तीची गोष्ट झाली. पैसा आणि सत्ता असेल तर कोणासही ते साधेल. सवाई माधवरावांच्या छंदाचे खरे मोल काळविटांच्या गोष्टीत दिसते.

काळवीट हे हरणाच्या जातीतील अत्यंत देखणे आणि तितकेच भित्रे जनावर. नराची पाठ काळी आणि पोट पांढरे, शिंगे मळसूत्रासारखी पिळलेली. मादी पिवळसर तपकिरी. मोकळ्या माळावर कळप चरत असतो, आणि एकाने मान वर केली की सगळे सावध होतात. मग उंच उंच उड्या मारीत ते असे सुटतात की उत्तम घोड्यासही गाठणे कठीण. हिंदुस्थानात त्यांना धरण्यासाठी चित्ते शिकवून तयार करीत. काळवीट आणि चित्ता यांची शर्यत पाहणे हा राजेलोकांचा आवडता खेळ होता.

पेशव्यांनी उलटा खेळ मांडला. एकदा त्यांनी चार्ल्स मॅलेटला, रानटी जनावरे स्वभावतःची भीती टाकून माणसांत कशी येतात, ते पाहण्यास बोलाविले. मॅलेटने त्या दिवसाची हकिकत लिहून ठेविली आहे. दिवस मावळण्यास थोडा अवकाश होता. पेशवे, हरिपंत फडके आणि इतर सरदार यांच्यासह मंडळी पेशव्यांच्या राखीव रानाच्या टोकाशी गेली. तेथे एक तंबू उभारला होता. दूरवर हरणांचा कळप दिसत होता. वाद्ये वाजू लागली. थोड्या वेळाने त्या कळपातील चार काळवीट वाद्यांच्या आवाजाच्या रोखाने पुढे येऊ लागले. रखवालदार पुढे झाला. ते त्याच्या मागोमाग चालत तंबूपाशी आले. तंबूत माणसांची गर्दी होती, गाणे चालू होते, तरी ते बिचकले नाहीत. सतरंजीवर स्वस्थ बसले. तेथे एक झोपाळा टांगला होता. त्यांतील एका काळविटास त्यावर चढविले आणि झोके दिले, तरी ते शांतपणे बसून राहिले. खेळ संपल्यावर कोणी त्यांना बांधून नेले नाही. ते आपल्या पायांनी पुन्हा कळपात निघून गेले.

पाहुण्यास आश्चर्य वाटले, ते झोपाळ्याचे नव्हे. माकडे आणि अस्वले नाचविणारे लोक त्याने हिंदुस्थानात पुष्कळ पाहिले असतील. मारून किंवा उपाशी ठेवून जनावरास काहीही शिकविता येते. या हरणांच्या गळ्यात दोरी नव्हती, भोवती कुंपण नव्हते. तेव्हा हे कसे साधले, असा प्रश्न निघाला. कोणतीही जबरदस्ती न करता, सुमारे सात महिन्यांत हे घडवून आणिले, असे त्यास सांगण्यात आले.

सात महिने! भीती हा ज्या प्राण्याचा प्राणच आहे, त्याच्या जवळ आज जेवढे जाता आले त्याहून उद्या पावलभरच पुढे जावयाचे. तो दचकला तर निमूटपणे मागे यावयाचे. ठराविक वेळी तेच सूर, तीच माणसे, तीच चाल. आणि एवढे करूनही तो येईल की न येईल हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर सोडावयाचे. ही साधना करणाऱ्या रखवालदारांची नावे इतिहासाने जतन केली नाहीत. काम त्यांच्या हातचे होते, हे विसरता कामा नये. पेशव्यांचे श्रेय इतकेच की, त्यांनी घाई केली नाही. हुकूम करताच सर्व काही पुढे हजर होण्याची सवय असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या धन्यास हे सोपे नसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जनावर जवळ असणे निराळे आणि त्याची वंशवेल आपल्याजवळ वाढणे निराळे. त्या काळच्या कोणत्याही शिकारखान्यास ही दुसरी गोष्ट फारशी साधली नव्हती. चित्त्याचेच उदाहरण घ्या. मोगल बादशहांनी शेकडो चित्ते बाळगिले. परंतु बंदिस्त चित्तीणीस पिल्ले झाल्याची त्यांच्या काळातील एकच नोंद मिळते. ती जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. एक नर गळ्यातील पट्टा सोडवून मादीकडे गेला, आणि पुढे तिला तीन पिल्ले झाली. ही घटना त्याला इतकी अपूर्व वाटली की, त्याने ती मुद्दाम लिहून ठेविली. पाळलेला चित्ता मेला की रानातून दुसरा धरून आणीत. असे पिढ्यान् पिढ्या चालले. पुढे बंदुका वाढल्या, माळराने नांगरली गेली, आणि रानच रिकामे झाले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. २०२२ साली मध्यप्रदेशातील कुनोच्या अरण्यात जे चित्ते सोडले, ते आफ्रिकेतून आणावे लागले. सिंह गीरमध्ये उरला. गेंडा काझीरंगासारख्या मोजक्या अरण्यांत वाचला, तोही वेळीच संरक्षण मिळाले म्हणून. सवाई माधवरावांच्या काळी हा धोका कोणासही दिसला नव्हता. रान कधी संपेल, अशी शंकाही तेव्हा कोणाच्या मनात येत नसे.

इकडे पेशवे वयात येत होते. १७९२ साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. दिल्लीच्या बादशहास हाताशी धरून सारी उत्तर हिंदुस्थानची सूत्रे हलविणारा हा पराक्रमी पुरुष. परंतु तरुण पेशव्यांशी तो मोकळेपणाने वागला. त्यांना घेऊन तो हिंडावयास जाई, शिकारीस जाई, लढायांच्या हकिकती सांगे. वाड्याच्या भिंतींपलीकडचे जग पेशव्यांना प्रथमच जवळून दिसले. नानांना हा स्नेह फारसा रुचला नाही, हे खरे. पण तो फार काळ टिकावयाचाही नव्हता. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडी येथे मरण पावले. त्याच्या आदल्याच वर्षी पेशव्यांची पत्नी रमाबाई वारली होती. जवळची माणसे एकामागून एक जात होती, आणि पहारा मात्र कायम होता.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. सर्व मराठे सरदार एका झेंड्याखाली लढावयास एकत्र आले, ती ही शेवटचीच वेळ. पेशवे स्वतः त्या मोहिमेवर होते. पुण्यात विजयाचा उत्सव झाला. त्याच सुमारास पेशव्यांच्या मनाला लागलेली एक घटना घडली. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांना नानांनी जुन्नरास अटकेत ठेविले होते. बाजीराव नात्याने सवाई माधवरावांचे चुलतेच. परंतु वय जवळजवळ सारखे. त्यांनी गुप्तपणे पेशव्यांकडे निरोप धाडला. आपण दोघेही कैदीच आहोत, एक जुन्नरास आणि एक पुण्यास, असा त्याचा आशय होता, असे सांगतात. पेशव्यांनी प्रेमाने उत्तर दिले. हा व्यवहार नानांना कळला. त्यांनी पेशव्यांची कानउघाडणी केली आणि निरोप पोचविणारास कैदेत टाकले. नानांची बाजू अगदीच खोटी होती, असे म्हणता येणार नाही. रघुनाथरावांच्या घराण्यामुळे राज्यावर केवढे संकट आले होते, ते त्यांनी भोगले होते, आणि याच बाजीरावांच्या हातून पुढे राज्य बुडाले, हेही सर्वांस ठाऊक आहे. तथापि हरणास दोरीशिवाय आपलेसे करता येते हे ज्याने पाहिले होते, त्याच्यापुढे एकवीस वर्षांनंतरही पहाऱ्याखेरीज दुसरी रीत ठेविली गेली नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमारास पेशवे आजारी होते. अंगात ताप होता, मन ठिकाणावर नव्हते. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यातील वरच्या मजल्यावरून ते खाली कारंजाच्या हौदावर पडले. हे कसे घडले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबर रोजी, त्यांचे देहावसान झाले. सारे पुणे शोकात बुडाले. तेवीस वर्षांनी पेशवाई संपली. १८२८ साली लागलेल्या आगीत शनिवारवाडाही जळाला.

पर्वतीच्या पायथ्याला मात्र जनावरांची सोबत पुन्हा लाभली. १९५३ साली पुणे महानगरपालिकेने त्याच परिसरात प्राणिसंग्रहालय सुरू केले आणि त्यास पेशवे पार्क असे नाव दिले. १९५६ साली तेथे फुलराणी नावाची लहान मुलांची आगगाडी धावू लागली. पुण्यातील कित्येक पिढ्यांनी पहिला वाघ तेथेच पाहिला. परंतु शहर वाढले, पिंजरे अपुरे पडू लागले, आणि जनावरांस मोकळी जागा हवी ही जाणीवही वाढली. तेव्हा १९९९ साली कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडले, आणि पेशवे पार्कातील प्राणी पुढे तेथे हलविण्यात आले.

कात्रजला त्याआधीच, १९८६ साली, सर्पोद्यान सुरू झाले होते. सापांच्या आणि कासवांच्या बाबतीत पेशव्यांच्या रखवालदारांची युक्ती मुळीच चालली नसती. सापाला बाहेरचे कान नसतात. गारुड्याच्या पुंगीचे सूर त्यास मोहवीत नाहीत, तो पुंगीच्या हालचालीबरोबर डोलतो एवढेच. सापाचे रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे तापते किंवा निवते. म्हणून त्याला ऊन आणि सावली दोन्ही हवीत, आणि दडावयास बीळ हवे. तो माणसाशी कधी मैत्री करीत नाही. तेथे रखवालदाराची माया दिसते, ती त्याच्यापासून दूर राहण्यात. अशा प्राण्यांची वीण करावयाची म्हणजे तर सगळी मदार उबेवर. मगरीच्या घरट्यातील उष्णता थोडी कमी-अधिक झाली, तर पिल्ले नर होणार की मादी, हेही बदलते. हे ज्ञान आता मिळाले आहे. सुसरीसारख्या दुर्मिळ झालेल्या प्राण्याची बंदिवासातील पहिली वीण ओडिशातील नंदनकानन येथे १९८० साली झाली. मात्र हे काम आता हौशी माणसाचे राहिले नाही. १९७२ च्या कायद्याने रानटी प्राण्यांना संरक्षण दिले. एखादे चांदणी कासव हौसेने घरी आणून ठेवणे हाही आज गुन्हा आहे.

कात्रजच्या या संग्रहालयाच्या आवारात एक मोठे तलाव आहे. ते नानासाहेब पेशव्यांनी बांधविले. तेथून दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने, तीन कोसांवर, पुण्यास पाणी आणिले होते. शहरातील हौद त्याने भरत, आणि शनिवारवाड्यातील कारंजीही त्याच पाण्यावर उडत. तलावाच्या बाजूने आता संग्रहालयाची वाट जाते. त्या वाटेवर काळविटांचा कळप आहे. माणसांचा आवाज आला, की त्यांतील एखादा काळा नर मान वर करून पाहतो, आणि काही धोका नाही असे दिसताच पुन्हा चरू लागतो.